नावं बदललेली नाहीत: साजगावच्या शेडपासून मोरदांडच्या माळापर्यंत

"खोपोली?" आई म्हणाली. "अगं, तिथं तर आपण वडा खायला थांबतो. तिथं कसला आलाय संघर्ष?"

तिचंही चुकीचं नव्हतं. मी फ्रीलान्स पत्रकार आहे. कुठल्या एका पेपरची नोकर नाही. जिथं माणसांना राहतं घर सोडून निघावं लागलंय तिथं जायचं, बघायचं, लिहायचं, आणि मग ते कुणी छापतंय का याची वाट बघायची, असा माझा धंदा. दंगलीनंतरच्या छावण्या, सीमेजवळची ओस गावं, खाणीसाठी उठवलेली खेडी. आईच्या मते मी जाते तिथं एक तर लष्कर असतं, नाही तर मलेरिया. त्यामुळे पुण्याहून निघून दुपारच्या जेवणाला पोचता येईल अशा ठिकाणी मी चाललेय, यावर तिचा विश्वास बसेना. तरी तिने डबा दिलाच. गुळपोळ्या. "तिकडच्या लोकांनाही दे," म्हणाली.

निमित्त वैशालीचं. वैशाली रोकडे माझी कॉलेजातली मैत्रीण. आता खालापूर तालुक्यात आरोग्यसेविका आहे आणि राहायला भिवपुरीला. तिने फोनवर सांगितलं होतं की डोंगरावरची एक ठाकर आदिवासींची वाडी तीन पावसाळ्यांपूर्वी खाली आणलीय. घरांच्या वरच्या अंगाला डोंगराला मोठी भेग पडली, म्हणून सगळ्यांना साजगावजवळ पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं. पक्की घरं मिळणार आहेत, अजून मिळालेली नाहीत. "कुणी मेलं नाही ना," वैशाली म्हणाली, "म्हणून बातमी झाली नाही. तू ये."

एका वेब पोर्टलच्या संपादिकेने 'बघून ये, चांगलं असेल तर घेऊ' इतपत होकार दिला. आमच्या धंद्यात यालाच काम मिळालं म्हणतात.

तर दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी वाकडेवाडीच्या स्टँडवरून एसटी पकडली. ज्यांना या बाजूला यायचंय त्यांना माझा सल्ला असा, की एक्सप्रेस वेने जाऊ नका. जुन्या रस्त्याने जाणारी लाल गाडी घ्या, डावीकडची खिडकी पकडा आणि घाट उतरताना फोन पिशवीत ठेवा. पावसाळा सरला की घाटातलं गवत पिकायला लागतं, आणि उतरतीचं ऊन त्यावर पडलं की सगळी डोंगराची कूस सोनेरी दिसते. लोणावळ्याला सगळी बस चिक्कीसाठी उतरली. मी उतरले नाही, कारण मला चिक्की आवडत नाही. हे पुण्यात उघड सांगायची चोरी आहे, म्हणून इथं सांगते.

खोपोलीला उतरल्या उतरल्या घाटावरची हवा संपते आणि कोकणची चिकचिक सुरू होते. स्टँडबाहेर वडा खाल्ला, आईची आठवण म्हणून. मग साजगावसाठी शेअर रिक्षा. चौथी सवारी मिळेपर्यंत रिक्षावाला हलत नाही, तेव्हा घाई असेल तर सरळ चौथ्या सीटचे पैसे द्या. मी बसून राहिले. शेजारच्या बाई कारखान्यात पॅकिंगला होत्या. मी कुठं चाललेय म्हटल्यावर म्हणाल्या, "ते होय, डोंगरवाले. ते काय आता हितलेच झाले."

शेड कारखान्याच्या भिंतीमागे आहेत. एकाला एक लागून पत्र्याच्या खोल्या, सगळ्यांना एकच निळा रंग. वैशाली फाटकाशी उभीच होती. कुठली खोली कुणाची हे ओळखायला लोकांनी दारांशी खुणा केल्यात. एकाने सूप टांगलंय, एकाने जुनी घुंगरं, एकीने डोंगरावरून आणलेलं घराचं दारच नुसतं भिंतीला टेकवून ठेवलंय. दाराला दार. बाकी पत्रा इतका तापलेला की टेकता येत नव्हतं.

"ही आमची आत्या," वैशालीने ओळख करून दिली. चांगुणा पारधी. साठीच्या आसपासची, अंगाने काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत कसलेली. सगळी वाडी तिला आत्याच म्हणते, म्हणून मीही तेच सुरू केलं. तिची सून रंजना साजगावातच पॅकिंगला जाते. तिला एक लहान मुलगा आहे, तो शाळेत होता. नवरा गॅरेजमध्ये. आत्याचा धाकटा दीर नामदेव शेजारच्या खोलीत राहतो. तो कारखान्यात कंत्राटावर आहे. तो शिफ्ट संपवून युनिफॉर्ममध्येच आला, हात जोडले आणि पहिला प्रश्न विचारला.

"ताई, तुमी सरकारकडून का पेपरकडून?"

"पेपरकडून."

"मग पक्क्या घराचं लिवा. बाकी नको."

"बाकी म्हणजे काय?" मी विचारलं. तो नुसता आत्याकडे बघत राहिला.

आत्याने गुळपोळीचा तुकडा मोडला, अर्धा सुनेला दिला आणि म्हणाली, "उद्या वर येतेस का, रान बघायला?"

"वयनी!" नामदेव म्हणाला.

"काय वयनी? रान माजं हाय का तुजं?"

मग हळूहळू कळलं. डोंगरावर, भेगेच्या दुसऱ्या अंगाला, आत्याचं नाचणीचं रान आहे. नवरा असल्यापासूनचं. जमीन वनखात्याची, पण वाडी पिढ्यान्‌पिढ्या ती कसत आलीय, म्हणून तिने वनपट्ट्यासाठी दावा घातलाय. जमीन आपण कसतो हे दाखवता आलं तर ती आपल्या नावावर होते, इतकं साधं ते प्रकरण. पण वाडी खाली आल्यापासून कचेरीतले साहेब म्हणतात, जागा सोडलीत, आता वर ताबा कसला? कोण आहे वर?

वर आत्या आहे. दरसाल पेरणीला जाते, राबते, कापणी करते. फक्त ते बोलायचं नाही, कारण वरचा भाग धोकादायक म्हणून जायला बंदी आहे. नामदेवला भीती ही की वर जातात हे कळलं तर पक्क्या घरांच्या यादीतून नावं उडतील. आत्याला भीती ही की वर कुणी जात नाही असं ठरलं तर रान जाईल. दोघांचंही बरोबर होतं. असल्या जागी मला नेहमी वाटतं, की निदान एक जण तरी चुकीचा असता तर लिहायला सोपं गेलं असतं.

त्या रात्री मुक्काम वैशालीकडे. खोपोलीहून कर्जतची गाडी रिकामी मिळते, आरामात पाय पसरून बसा. कर्जतहून भिवपुरीला रिक्षा. तिचे यजमान वीजकेंद्रात आहेत, त्यामुळे कॉलनीतलं जुनं क्वार्टर. उंच छत, मोठ्या खिडक्या, मागे फणस. जेवायला तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. मी किती भाकऱ्या खाल्ल्या हे इथं लिहीत नाही.

शनिवारी सकाळी आत्याबरोबर वर. वाट कुठून आहे हे मी सांगणार नाही. तो ट्रेक नाही, आणि तिथं सेल्फी काढायला जाणाऱ्यांसाठी या ब्लॉगवर रस्ता मिळणार नाही. एवढंच सांगते की पायथ्याच्या गावापर्यंत रिक्षा जाते, पुढे सागाचं रान, मग कारवी, मग दगडी चढ. बूट चांगले घाला. आत्याच्या पायात प्लास्टिकची चप्पल होती आणि चढ लागल्यावर तीही तिने काढून टोपलीत टाकली.

"दम लागला का गं?"

"नाही," मी धापा टाकत म्हणाले.

"मग तोंड बंद करून चाल. उघड्या तोंडानं दम जास्ती लागतो."

वाटेत एक पाटी आहे, धोकादायक क्षेत्र, प्रवेश बंद. आत्याने पाटीशी टोपली उतरवली, पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं. बसायला सावली तिथंच चांगली आहे. मग आम्ही पुढे गेलो.

मोरदांड वाडी म्हणजे आता उंबरठे. कौलं, वासे, दारं लोकांनी खाली नेली. कुडाच्या भिंती तीन पावसाळ्यांत विरघळल्या. राहिलीत ती दगडी जोती आणि चुलीच्या काळ्या जागा. आजवर मी पुष्कळ ओस गावं पाहिलीत आणि अशा ठिकाणी काय करायचं ते मला ठाऊक आहे. हळू चालायचं, माणसाला त्याच्या घराशी थांबू द्यायचं, बोलू द्यायचं. मी कॅमेरा काढून तयार राहिले. आत्या मात्र स्वतःच्या जोत्यावरून सरळ ओलांडून गेली. थांबली नाही.

"आत्या, हे तुमचं घर ना?"

"होतं. त्याला काय बघायचं? पीक बघ चल, पाखरं खातायत."

डोंगराच्या वळणापलीकडे रान आलं. उतारावर नाचणी, कणसं पिकून तपकिरी झालेली, मिटलेल्या मुठीसारखी. खाली दूर एक्सप्रेस वेवरच्या गाड्या मुंग्यांसारख्या जात होत्या आणि त्यांचा आवाज इथवर येत नव्हता. वारा होता. मला फार बरं वाटलं, ते सांगून टाकते. पत्रकार म्हणून आले होते खरी, पण थोडा वेळ मी नुसती बसून राहिले.

"भीती नाही वाटत इथं एकटीला?"

"डोंगराची? डोंगर तकडं फाटलाय, हकडं नाय." विळा चालू ठेवूनच ती बोलत होती. "भीती खाली वाटते. रस्ता वलांडताना. ते ट्रक काय थांबत नाय गं, मानूस बघून पन थांबत नाय."

रानाच्या वरच्या कडेला ऐनाच्या झाडाखाली गावदेव आहे. शेंदूर लावलेले दगड. वाडी खाली आली, पण देव खाली नेला नाही. का, असं विचारलं तर आत्या म्हणाली, "तो कशाला येईल? त्याला कोनी नोटीस दिली नाय." मग तिने टोपलीतून फडक्यात बांधलेली भाकर काढली. आठवड्यापूर्वी तोडलेली पहिली कणसं तिने खाली शेडसमोर वाळवली होती, जात्यावर दळली होती आणि त्या पिठाची एकच भाकर केली होती. नवं धान्य आधी देवाला दाखवायचं, तोवर घरात कुणी तोंडात घालायचं नाही. शेडमधली पोरं रोज त्या पिठाच्या डब्याकडे बघत होती म्हणे.

तिने भाकर देवापुढे ठेवली, हात जोडले, काहीतरी पुटपुटली. मग तिचे तुकडे केले, थोडे फडक्यात परत बांधले, एक मला दिला.

"खा. पोट दुखलं तर मला बोलू नको, त्याला बोल."

पोट दुखलं नाही. भाकरीत थोडी कच होती, पण भाकर फार गोड लागली.

मी फोटो काढले, सगळे पाठमोरे. विळा धरलेला हात, टोपली, कणसं. चेहरा एकातही नाही. आणि उतरायच्या आधी, ज्या आवाजात मी हे वाक्य किती ठिकाणी बोललेय, त्याच आवाजात म्हणाले, "आत्या, अजिबात काळजी करू नका. तुमचं नाव कुठंही येणार नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. टोपली डोक्यावर घेतली आणि चालायला लागली. मला वाटलं, तिला हायसं वाटलं असणार.

संध्याकाळी भिवपुरीच्या क्वार्टरमध्ये फॅनखाली बसून लेख लिहिला. चांगला झाला. असं क्वचित वाटतं, तेव्हा स्वतःच चहा करून प्यायले.

रविवारी वैशालीला सुट्टी, आणि शेडवर सगळे दुपारनंतर भेटणार होते. सकाळ मोकळी, म्हणून ती मला स्कूटरवरून कोंडाण्याला घेऊन गेली. कर्जतला येऊन फक्त फार्महाऊसच्या तलावात डुंबून परत जाणाऱ्यांनी निदान एकदा इथं यावं. गावापर्यंत रस्ता आहे, पुढे झाडीतून चढ. पाणी बरोबर घ्या. लेणं राजमाचीच्या पायथ्याशी कातळात आहे. चैत्याची कमान, लाकडी बांधकामाची नक्कल केलेल्या दगडी पट्ट्या, वरून झिरपणारं पाणी, माकडं. वैशालीने चप्पल काढून वंदना म्हटली. लहानपणी वडील तिला दरवर्षी इथं आणायचे, तेव्हा रस्ता नव्हता आणि सगळी आळी चालत यायची. एका झिजलेल्या मूर्तीशेजारी ब्राह्मीतली एक ओळ आहे. घडवणाऱ्याने आपलं आणि आपल्या गुरूचं नाव कोरलंय, असं ती म्हणाली. मी फोटो काढला. मग माकडाने माझी बिस्किटं पळवली आणि आम्ही खाली आलो.

आता शेडवरची दुपार. माझी एक पद्धत आहे. लेख पाठवायच्या आधी, शक्य असेल तिथं, ज्यांच्यावर लिहिलंय त्यांना तो वाचून दाखवायचा. संपादकांना हे आवडत नाही. मला आवडतं, कारण बहुतेक वेळा लोक खूश होतात.

शेडच्या सावलीत सतरंजी घातली. आत्या, रंजना, नामदेव, आजूबाजूचे दहाबारा जण. नामदेवची बायको सगळ्यांसाठी चहा घेऊन आली. तिला मी तीन दिवस नुसतं 'वहिनी' म्हणत होते. मी मोबाइल काढला आणि वाचायला लागले.

"'सुमनबाई उजाडताच डोंगर चढायला लागतात. साठीतही त्यांचा पाय डगमगत नाही...'"

असा हशा उसळला की पलीकडच्या शेडमधली माणसं बाहेर आली.

"आगं बाय!" ट्रे हातात धरलेली वहिनी म्हणाली. "मी कवा चढले गं?"

नामदेवच्या बायकोचं नाव सुमन होतं. तीन दिवस तिच्या हातचा चहा प्यायले होते, नाव विचारलंच नव्हतं.

"हिला गावदेवाला न्यायचं तर डोली लागंल!" कुणीतरी म्हणालं.

"हिनं विळा धरल्याला कुनी बघितलाय का?"

सुमनवहिनी पण हसत होती. नामदेव हसत नव्हता. "ताई," तो म्हणाला, "हे छापून आलं तर जंगलखात्याचा गार्ड आमच्या दारात उभा राहील ना."

मी घाईघाईने समजावलं. नाव बदललंय. खरं नाव घालायचं नसतं. माणूस अडचणीत येऊ नये म्हणून पत्रकार असंच करतात, खाली लिहितात, नावं बदलली आहेत. सुमनच्या जागी दुसरं कुठलंही घालू, त्यात काय.

"आनि वाडीचं?" आत्याने विचारलं.

"वाडीचंही दिलेलं नाही. 'रायगड जिल्ह्यातली एक वाडी' असं लिहिलंय."

"फोटो?"

"चेहरा दिसत नाही, आत्या. मी शब्द दिला होता ना तुम्हाला."

"तू दिलास. मी मागितला होता का?"

आता कुणी हसत नव्हतं. आत्याने कप खाली ठेवला.

"म्हंजे कुटं तरी एक वाडी हाय. तितं कोन तरी एक बाई हाय. तिला त्वांड नाय. साहेब पन तेच बोलतो, वर कोन नाय. तू येवडी डोंगर चढून आलीस, माजं नवं खाल्लंस, आनि तू पन तेच लिवलंस?"

मला राग आला. तो आधी तिचा आला. मी तिचं भलं बघत होते आणि ती मला दहा माणसांत बोलत होती. मी म्हणाले, थोडं वरच्या पट्टीत, की आत्या, तुम्हाला कल्पना नाही, मी पाहिलंय, नाव छापल्यामुळे लोकांना काय काय भोगावं लागतं. आणि बोलता बोलता लक्षात आलं की ते सगळं मी दुसरीकडे पाहिलंय. तिथं ज्यांना मारायला कुणीतरी शोधत असतं, त्यांना लपवायचं असतं. हिला कुणी शोधतच नाहीये. हिचं भांडण तर हेच आहे की वर कुणी नाही असं सगळे धरून चाललेत. मी तिच्या नावावर पांघरूण घातलं आणि तेही प्रेमाने.

"वयनी, घर जाईल," नामदेव म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "पोरं हायत. तीन पावसाळं या पत्र्यात काढलं. घर मिळू दे, मग बोल काय बोलायचं ते."

"तवर रान राहील का?"

"रान काय आपल्याला खायला देतंय का? चार पायली नाचनी. मी पगारात आनून देतो तुला नाचनी."

"तू आनशील रं," आत्या म्हणाली. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "इकत आनशील. मी इकत घेतल्याला देवाला काय दावू?"

तो उठला आणि आत गेला. पत्र्याचं दार आपटलं की सगळ्या रांगेला ऐकू जातं. सुमनवहिनीने उरलेला चहा माझ्या कपात ओतला.

"माजं एकटीचं लिव," आत्या मला म्हणाली. "ह्यांचं कुनाचं नको. चांगुणा लक्ष्मण पारधी, मोरदांड वाडी. नाचनी करते. आनि त्वांडाचा फोटो काढ."

ती आत जाऊन केस विंचरून आली. शेडसमोर, वाळत घातलेल्या नाचणीपुढे उभी राहिली. हसा म्हटलं तर म्हणाली, "हसू कशाला? मी काय चुकलेय का?" फोटो त्याच तोंडाचा आहे. मी काढलेला तो सगळ्यात साधा फोटो असेल.

निघताना रंजना रस्त्यापर्यंत सोडायला आली. ओच्यात भरून आणलेली नाचणी दिली. परतीची एसटी अर्धी रिकामी होती. घाट चढताना मी लेख पुन्हा लिहायला घेतला. अवघड काहीच नव्हतं. एक नाव बदलायचं होतं, म्हणजे खरं करायचं होतं. पण ते करताना हात अडखळत होता, एवढी सवय लागलेली.

संपादिकाबाईंचा फोन आला तो याच मुद्द्यावर. त्यांचं धोरण ठरलेलं आहे, दुर्बल घटकांची ओळख उघड करायची नाही. मी म्हटलं, धोरण चांगलं आहे, पण ही बाई स्वतः सांगतेय. त्या म्हणाल्या, तिला परिणामांची जाणीव आहे का? मी म्हटलं, तुमच्या-माझ्यापेक्षा तिचंच जास्त जाणार आहे, तेव्हा असावी. दोन दिवस फोनाफोनी झाली. शेवटी त्यांनी रंजनाच्या फोनवरून आत्याशीच बोलून घेतलं. काय बोलणं झालं मला माहीत नाही. लेख नावासकट आणि तोंडासकट लागला.

आणि मग मला झोप लागेना. हे मोकळेपणाने लिहिते, कारण प्रवासवर्णनात माणूस नेहमी समाधानाने घरी येतो. मी घाबरले होते. नामदेवचं दार आपटलेलं ऐकू येत होतं. समजा यादीतून नावं उडाली, तर आत्या म्हणेल माझा निर्णय होता, पण छापलं तर मीच ना? इतकी वर्षं मी लोकांची नावं लपवली ती त्यांच्यासाठी, असं मी सांगत आले. थोडी माझ्यासाठीही लपवली असणार. नाव नसलं की नंतर त्याचं काय झालं हे कुणी विचारत नाही. माझी मीसुद्धा.

आईने त्या नाचणीची भाकरी केली. खाण्याआधी तिने एक तुकडा देवघरात ठेवला. मी तिला काही सांगितलं नव्हतं, ती आपली नेहमीच ठेवते.

पंधरवड्याने रंजनाचा फोन आला. कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत, मागे मशीनचा आवाज.

"ताई, गार्ड आला व्हता रविवारी. मोबाइल दावला, बोलला, ही चांगुणा पारधी कोन? वर जायला बंदी हाय, आनि हिकडं फोटो काढून छापतेय?"

"मग?"

"मग काय, आत्या पुढं झाली. बोलली, मीच. लिवून घ्या. मोरदांडच्या माळावर नाचनी करते, या साली केली, गेल्या साली पन केली, नवरा व्हता तवा पन. त्याला वाटलं घाबरंल. त्यानं वही काढली न् लिवलं सगळं, तारीख घालून. आत्या बोलली, खाली सही करा आनि मला पन एक द्या." ती हसायला लागली. "मग त्यानं इचारलं, आजून कोन कोन जातं वर? आनि नामदेवकाका भायेर आला."

"नामदेव?"

"बोलला, लिवा. नामदेव पारधी. माळाच्या वरच्या अंगाला माजी वरी हाय. ताई, मला पन ठाव नव्हतं, काका रातपाळी करून कवा जायचा ते! मंग बाकीचं उठलं. एकेक. गार्ड बोलला, आरं, मी गुन्हा नोंदवतोय, तुमी रांग कशाला लावताय?"

पुढे काय होईल ते मला माहीत नाही. घरांचं, रानाचं, गुन्ह्याचं, कशाचंच नाही. गार्डने सही करून दिलेला कागद आत्याने दाव्याच्या कागदांना जोडलाय एवढं खरं. ती वर कसते असं सरकारी माणसाने पहिल्यांदाच लिहून दिलं होतं. मी रंजनाला विचारलं, एकूण किती नावं झाली?

"मोजली नाय," ती म्हणाली. मागे भोंगा वाजला, सुट्टी संपली. "पन दुसरं पान मी दिलं, पोराच्या वहीतलं फाडून. त्याच्याकडलं भरलं व्हतं."